पिझ्झा खालून बघावा

पिझ्झा समोर आला की मी आधी एका तुकड्याचं टोक उचलते आणि खाली बघते. वरचं चीज, टोमॅटोचा लाल रंग, बेझिलची पानं हे सगळं त्यानंतर. बूड पांढरंफटक असेल तर पुढे फारशी आशा ठेवायची नाही. ते तांबूस हवं, त्यावर काळे ठिपके हवेत, कुठे कुठे थोडं करपलेलंही चालेल. नखाने टिचकी मारली तर कडक आवाज यावा आणि तरी तुकडा दुमडला तर मोडू नये. वरती काय घातलंय यावर दुकानदार पैसे लावू शकतो, पण बूड भट्टीच्या आणि भट्टीपाशी उभ्या असलेल्या माणसाच्या हातात असतं.

मी न्यू जर्सीत एडिसनला राहते, माहेर रत्नागिरीचं. भारतातून कुणी पाहुणे आले किंवा मंडळाच्या कार्यक्रमात गप्पा रंगल्या की ‘चांगला पिझ्झा कुठे खायचा?’ हा प्रश्न फिरून माझ्याकडे येतो, कारण मी यासाठी भरपूर फिरते हे सगळ्यांना ठाऊक आहे. आणि मी राहते ती जागा या वेडासाठी फार सोयीची आहे. न्यूयॉर्क शहर, न्यू जर्सी आणि वर कनेक्टिकटमधलं न्यू हेवन एवढ्या टापूत अमेरिकन पिझ्झ्याचा शंभराहून जास्त वर्षांचा इतिहास आहे. तो संग्रहालयात ठेवलेला नाही. त्यातल्या कितीतरी जुन्या भट्ट्या आजही रोज पेटतात.

आधी भट्टीचं समजून घेऊ. पिठाच्या वजनाच्या साठ-पासष्ट टक्के पाणी घालून पीठ मळतात, चिमूटभर यीस्ट घालतात आणि बरेच तास, कित्येक ठिकाणी थंडाव्यात एक-दोन दिवस, आंबवत ठेवतात. या आंबवण्यात चव तयार होते. मग तो गोळा हाताने पसरून तापलेल्या विटांवर जातो. विटा पुरेशा तापलेल्या असतील तर पिठातल्या पाण्याची झटकन वाफ होते, कड फुगते आणि आतला ओलावा उडून जायच्या आत बाहेरून रंग चढतो. भट्टी मंद असेल तर रंग येईपर्यंत पाणी निघून गेलेलं असतं आणि हातात टोस्ट येतो. तवा नीट तापायच्या आत टाकलेल्या भाकरीचं जे होतं, तेच. आपल्या घरच्या ओटीजीची मजल २५० अंशांपर्यंत. गॅसवर चालणाऱ्या दुकानी भट्ट्या ३०० अंशांच्या आसपास असतात. कोळशाची विटांची भट्टी ४०० च्या पुढे सहज जाते. नेपल्समध्ये तर लाकडाच्या भट्टीत साठ ते नव्वद सेकंदांत पिझ्झा झाला पाहिजे असा तिथल्या संघटनेचा दंडकच आहे.

नेपल्समधून माणसं अमेरिकेला आली तेव्हा इथे लाकडापेक्षा कोळसा स्वस्त होता. पेनसिल्व्हेनियातला अँथ्रासाइट हा कडक, चकचकीत, फार कमी धूर करणारा कोळसा न्यूयॉर्कच्या बेकऱ्यांमध्ये जळत होता. त्याच भट्ट्यांत पिझ्झा शिरला आणि तिथे तो बदलला. आकार मोठा झाला, कड कुरकुरीत झाली, आणि काट्या-सुरीने खायचा मऊ, मध्यभागी ओलसर पदार्थ हातात धरून खाता येऊ लागला.

मॅनहॅटनमधल्या स्प्रिंग स्ट्रीटवरचं ‘लोम्बार्डीज’ हे अमेरिकेतलं पहिलं पिझ्झा दुकान, स्थापना १९०५, असं पिढ्यानपिढ्या सांगितलं गेलं. जेन्नारो लोम्बार्डी हे त्याचे संस्थापक. अलीकडे पीटर रेगास या संशोधकाने जुनी वर्तमानपत्रं आणि नोंदी चाळून दाखवलं, की त्याच जागी लोम्बार्डींच्या काही वर्षं आधी फिलिप्पो मिलोने नावाच्या माणसाने पिझ्झ्याचं दुकान थाटलं होतं. मिलोनेंचं नाव विसरलं गेलं, लोम्बार्डींचं राहिलं. मूळ दुकान १९८०च्या दशकात बंद पडलं आणि १९९४ मध्ये त्याच रस्त्यावर, कोळशाची जुनी भट्टी असलेली जागा बघून, पुन्हा सुरू झालं. आज तिथे पर्यटकांची गर्दी असते. पिझ्झा चांगला आहे, पण माझ्या यादीत तो वरच्या नंबरात येत नाही. पहिल्यांदा न्यूयॉर्कला येणाऱ्याला मी तिथे नेते ते भट्टी दाखवायला.

मनापासून जावंसं वाटतं ते ब्लीकर स्ट्रीटवरच्या ‘जॉन्स’मध्ये. १९२९ पासूनचं दुकान. बाहेरच लिहिलंय, ‘स्लाइस मिळणार नाही’. अख्खा पिझ्झा घ्यायचा, बसून खायचा. लाकडी बाकांवर आणि भिंतींवर लोकांनी चाकू-किल्ल्यांनी कोरलेली नावं आहेत, इतकी की कोरं लाकूड शोधावं लागतं. इथली कड पातळ आणि खुसखुशीत. चीज, टोमॅटो आणि मश्रूम एवढंच मागवावं. जास्त टॉपिंग मागितलं की त्याचं पाणी सुटतं आणि भट्टीने केलेलं काम वाया जातं. हे मी प्रत्येक पाहुण्याला सांगते. तरी ढोबळी मिरची, कांदा, ऑलिव्ह, पायनॅपल सगळं हवं असतं, आणि मग ‘मधे गिच्च का लागतंय’ असा प्रश्न येतो.

कोळशाच्या भट्टीतला पिझ्झा सुट्या तुकड्यात खायचा असेल तर ईस्ट हार्लेमला ‘पॅट्सीज’. १९३३ चं दुकान, पास्क्वाले लान्चिएरी यांनी काढलेलं. अशा भट्टीतला सुटा तुकडा फार कमी ठिकाणी मिळतो. कागदाइतका पातळ तळ, वर चीज बेताचं, भुरभुर करपलेली कड. उभ्या उभ्या दोन खाऊन होतात आणि तिसऱ्याचा मोह पडतो.

आणि कोनी आयलंडचं ‘टोटोनोज’. अँटोनियो पेरो यांनी १९२४ मध्ये नेपच्यून अॅव्हेन्यूवर काढलेलं. समुद्र तिथून दोन पावलांवर. २००९ मध्ये दुकानाला आग लागली, २०१२ मध्ये सँडी वादळाचं पाणी आत शिरलं, दोन्ही वेळा घरच्यांनी दुकान पुन्हा उभं केलं. तिथला रिवाज असा, की त्या दिवसासाठी मळलेलं पीठ संपलं की दार बंद. दुसऱ्या दिवशी या. मोझरेला आधी, त्यावर टोमॅटो, त्यावर किसलेलं चीज. टोमॅटो वर असल्यामुळे चीज करपत नाही आणि त्याचं दूध दूध लागणं टिकून राहतं.

ब्रुकलिनमध्ये मिडवूड नावाची वस्ती आहे. क्यू ट्रेनने अॅव्हेन्यू जे स्टेशनवर उतरायचं, कोपऱ्यावर ‘डि फारा’. बाहेरून बघून कुणी आत शिरणार नाही असं दुकान. १९६५ मध्ये डोमेनिको दे मार्को यांनी ते काढलं. ते नेपल्सजवळच्या कासेर्ता प्रांतातून आलेले. पुढची कितीतरी दशकं जवळजवळ प्रत्येक पिझ्झा त्यांनी एकट्याने केला. मुलं मदतीला होती, पण गल्ल्याच्या मागच्या त्या पिठाने माखलेल्या ओट्यापाशी उभं राहायचं ते त्यांनीच. मी त्यांना काम करताना बघितलंय आणि ते बघायला मिळालं हे मी माझं भाग्य समजते.

वाकलेली पाठ, अंगात पिठाळलेला एप्रन, बोलणं नाही. गोळा ओट्यावर थापायचा, बोटांच्या टोकांनी कडेकडेने दाबत न्यायचा, मग दोन्ही मुठींवर घेऊन ताणायचा. टोमॅटो डावाने गोल गोल पसरायचा. ताज्या मोझरेलाचे तुकडे हाताने तोडून टाकायचे, वर कमी पाण्याचं मोझरेला किसून. मग लांब चोचीच्या तांब्याच्या भांड्यातून ऑलिव्ह तेलाची धार. पिझ्झा भट्टीत असताना दार उघडून ते बोटांनीच त्याची कड उचलून बघायचे आणि पुष्कळदा नुसत्या हातांनी तो बाहेर ओढायचे. इतक्या वर्षांच्या कामाने त्या बोटांची कातडी कशी झाली असेल याचा अंदाज करता येतो. बाहेर आल्यावर खरी मजा. ग्राना पदानो चीज त्यावर किसायचं, बेझिलची जुडी एका हातात धरून दुसऱ्या हातातल्या कात्रीने पानं पिझ्झ्यावर कापायची, मग पुन्हा तेलाची धार. त्या क्षणी सगळ्या दुकानात वास पसरायचा आणि रांगेतली माणसं गप्प व्हायची.

रांग तासाभराची, कधी त्याहून मोठी. कुणाला घाई करायची हिंमत नसायची. २००९ मध्ये त्यांनी साध्या स्लाइसचा दर पाच डॉलर केला तेव्हा शहरात चर्चा झाली होती, इतर ठिकाणी निम्म्यात मिळत होता. मला तो महाग वाटला नाही. एका माणसाचा पूर्ण दिवस मोजक्या पिझ्झ्यांत विभागला जायचा, त्यातला एक तुकडा आपल्या वाट्याला यायचा. मार्च २०२२ मध्ये, वयाच्या ८५ व्या वर्षी, दे मार्को गेले. दुकान घरचे चालवतात. मी अजूनही जाते. चौकोनी जाड पिझ्झा, ज्याची तळची बाजू तेलात जवळजवळ तळून निघते, तो अजूनही मला तिथलाच आवडतो.

डि फाराची ही भट्टी कोळशाची नाही, गॅसची आहे. हे मी मुद्दाम सांगते. कोळसा म्हणजे चांगलं आणि गॅस म्हणजे कमअस्सल असा समज इथल्या शौकिनांत आहे, तो मला पटत नाही. गॅसच्या सपाट तळाच्या भट्ट्या दुसऱ्या महायुद्धानंतर सर्वत्र पसरल्या. त्या चालवायला सोप्या, दिवसभर एकसारख्या तापतात. त्यांच्यामुळेच न्यूयॉर्कचा स्लाइस जन्माला आला. मोठा अठरा इंची पिझ्झा करून काचेमागे ठेवायचा, गिऱ्हाईक आलं की तुकडा पुन्हा भट्टीत सरकवायचा आणि कागदी ताटलीत द्यायचा. दुसऱ्यांदा तापल्यामुळे बूड आणखी कडक होतं, म्हणून कित्येकांना ताज्यापेक्षा पुन्हा गरम केलेला स्लाइस जास्त आवडतो. मलाही.

हा प्रकार खायचा तर कार्माइन स्ट्रीटवरचं ‘जोज’. नेपल्सचे जो पोझ्झुओली यांनी १९७५ मध्ये सुरू केलेलं. ‘स्पायडर-मॅन २’ या सिनेमात पीटर पार्कर जिथून पिझ्झे पोहोचवायला निघतो ते हेच. साधा चीज स्लाइस घ्यायचा, मधोमध दुमडायचा, टोक खाली करून तेल ताटलीत निथळू द्यायचं आणि चालता चालता खायचा. रात्री एक वाजता टॅक्सीवाला, नर्स, विद्यार्थी, सुटातला वकील एकाच कट्ट्याला टेकून खात असतात. एरिक ब्रॅम नावाच्या गृहस्थांनी १९८० मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये एक निरीक्षण मांडलं होतं, की साध्या स्लाइसची किंमत आणि सबवेचं तिकीट वर्षानुवर्षं हातात हात घालून वाढत आलेत. तिकीट वाढणार असलं की लोक अजून स्लाइसच्या दराकडे बघतात.

न्यूयॉर्कच्या पिझ्झ्याची चव तिथल्या पाण्यामुळे, असं तुम्हाला हमखास ऐकवलं जाईल. शहराचं पाणी कॅट्सकिलच्या डोंगरातून येतं, ते मृदू आहे हे खरं. पण पाण्याने पडणारा फरक, दोन दिवस आंबवलेलं पीठ आणि दोन तास आंबवलेलं पीठ यांच्यातल्या फरकापुढे काहीच नाही. श्रेय मळणाऱ्याला द्यावं, नळाला नको.

आता आमच्या न्यू जर्सीकडे येते, कारण इकडे राहणाऱ्या आपल्या लोकांना घराजवळ काय आहे तेच माहीत नसतं. रॉबिन्सव्हिलचं अक्षरधाम मंदिर २०२३ मध्ये पूर्ण झाल्यापासून आपल्याकडची कुटुंबं गाड्या भरभरून तिकडे जातात. दर्शन होतं, जेवण तिथेच किंवा येता येता एडिसनला. त्याच रॉबिन्सव्हिलमध्ये ट्रेंटनच्या पद्धतीचा टोमॅटो पाय करणारी दोन नामांकित दुकानं आहेत. ‘पापाज’ १९१२ मध्ये ट्रेंटनला सुरू झालं, पुढे इथे आलं. दुसरं ‘डे लोरेन्झोज’, तेही मूळ ट्रेंटनचं. या पद्धतीत चीज खाली आणि चुरडलेला टोमॅटो वर, डागाडागांनी टाकलेला. त्यामुळे घासागणिक चव बदलते, कधी टोमॅटोचा आंबटपणा पुढे येतो तर कधी चीज. डे लोरेन्झोजचा तळ इतका पातळ आणि कडक की चावल्याचा आवाज शेजारच्या टेबलापर्यंत जातो. आमच्या घरी मंदिर आणि टोमॅटो पाय असा बेत ठरलेलाच आहे.

जर्सी सिटीला ‘राझ्झा’ आहे, नगरपालिकेच्या इमारतीसमोर, ग्रोव्ह स्ट्रीटवर. डॅन रिचर यांनी २०१२ मध्ये काढलं. २०१७ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सचे समीक्षक पीट वेल्स यांनी तीन तारे दिले आणि न्यूयॉर्कचा सर्वात चांगला पिझ्झा नदीपलीकडे न्यू जर्सीत तर नाही ना, असा प्रश्न टाकला. न्यूयॉर्कवाल्यांना ते झोंबलं. रिचर लाकडाच्या भट्टीवर काम करणारे. टोमॅटोचे डबे उघडून एकापुढे एक ठेवून चव घेतात, मग निवड करतात. रटगर्स विद्यापीठात न्यू जर्सीच्या हवेत टिकतील अशी हेझलनटची झाडं वाढवण्याचं काम चाललंय, तिथली हेझलनट मधाबरोबर पिझ्झ्यावर घालून त्यांनी एक पिझ्झा केला. दुकानातल्या कुरकुरीत कडेचा चुरा टेबलवर पडलेला असतो, आणि मला तो बघूनच भूक लागते.

सगळ्यात आवडतं ठिकाण कुठलं असं विचारलं तर मात्र मी गाडी उत्तरेकडे वळवते. न्यू हेवन, कनेक्टिकट. गावात येल विद्यापीठ आहे म्हणून जग ओळखतं, पण मी तिथे वूस्टर स्ट्रीटसाठी जाते. इटालियन कामगारांची जुनी वस्ती, चेरीची झाडं असलेला चौक आणि एकाच रस्त्यावर दोन दुकानं. ‘फ्रँक पेपे’ १९२५ पासून. अमाल्फीच्या किनाऱ्यावरच्या मायोरी गावातून आलेल्या फ्रँक पेपे यांनी काढलं. ‘सॅलीज अपिझ्झा’ १९३८ पासून, पेपेंचा भाचा साल्वातोरे कोन्सिल्यो याचं. मामा-भाच्याच्या या दोन दुकानांवरून गावात आजही घराघरांत दोन पक्ष आहेत. तिसरं ‘मॉडर्न’, १९३४ चं, थोडं लांब स्टेट स्ट्रीटवर, तिथली भट्टी तेलावर चालते. २०२४ मध्ये इथल्या खासदार रोझा डिलॉरो यांनी न्यू हेवन ही अमेरिकेची पिझ्झा राजधानी आहे असं निवेदन थेट अमेरिकन काँग्रेसच्या कामकाजात नोंदवून घेतलं.

इथला पिझ्झा गोल नसतो, वेडावाकडा लंबगोल येतो, कागद घातलेल्या पत्र्याच्या ट्रेमध्ये. आच नेपल्सपेक्षा कमी, वेळ जास्त, त्यामुळे कड चांगलीच काळी. नवखे लोक करपला म्हणून परत पाठवायला निघतात. तो कडवटपणा टोमॅटोच्या गोडीला लागतोच. आणि नुसता ‘प्लेन’ मागवलात तर त्यावर मोझरेला नसतं. टोमॅटो, तेल, किसलेलं पेकोरिनो, बस्स. मोझरेला हवं तर वेगळं सांगायचं.

पेपेचा नावाजलेला पिझ्झा मात्र टोमॅटोचाही नाही. व्हाइट क्लॅम. म्हणजे तिसऱ्यांचा. आई इथे आली होती तेव्हा मी तिला मुद्दाम नेलं. तिसऱ्यांच्या बाबतीत आईची परीक्षा फार कडक. भाट्याच्या खाडीतल्या तिसऱ्या विळीवर उघडून, एका शिंपीत मांस ठेवून एकशिपी करणारी ती बाई. पेपेंकडे पूर्वी लिटलनेक जातीचे क्लॅम कच्चेच अर्ध्या शिंपल्यात ठेवून खायला देत, आणि १९६०च्या दशकात ते पिझ्झ्यावर आले. क्लॅम, लसूण, ओरेगॅनो, ऑलिव्ह तेल आणि किसलेलं पेकोरिनो. खाली टोमॅटो नाही, वर मोझरेला नाही.

ट्रे आला. आईने आधी वास घेतला. “साफ कोण करतं गो इथे?” तिने विचारलं. वाढणाऱ्या मुलीला मी विचारलं, ती म्हणाली मागे रोज ताजे उघडतात. आईने मान हलवली, एक तुकडा उचलला आणि सावकाश चावत बसली. वाळू लागते का ते बघत होती हे मला कळलं. “दाताला कचकच नाही,” ती म्हणाली. “आणि पाणी त्यांनी फेकलेलं नाही.” तिसऱ्या उघडताना सुटतं ते खारं पाणी ती कधी फुकट जाऊ देत नाही, सारात घालते. इथे ते पाणी तेलाबरोबर पिठात मुरलं होतं आणि खालचा कडक तळ तेवढाच कडक राहिला होता. त्यातच सगळी करामत आहे. एवढा ओला ऐवज वर असताना बूड टिकवायचं तर भट्टीचा तळ धगधगताच हवा. पेपेंची ती भट्टी एका लहान खोलीएवढी आहे, कोळसा तिच्या एका कोपऱ्यात जळतो, आणि माणूस लांबच लांब दांड्याच्या लाकडी फळीने पिझ्झे आत-बाहेर करत, एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवत राहतो. कुठला कोपरा केव्हा किती तापलाय हे त्याच्या अंगवळणी पडलेलं. आई जेवण झाल्यावर उठून तिथेच उभी राहिली, बराच वेळ.

सॅलीजमध्ये मी टोमॅटो पाय घेते. माझा कौल टोमॅटोला सॅलीज आणि तिसऱ्यांना पेपे. दोन्ही दुकानांच्या आता इतर गावी शाखा निघाल्यात. मी त्यांच्या विरोधात नाही. पेपेवाले नव्या शाखेत मूळ भट्टीबरहुकूम भट्टी बांधून घेतात, विटाविटांनी. पण जमत असेल तर वूस्टर स्ट्रीटलाच जा. मॅनहॅटनच्या ग्रँड सेंट्रलहून ट्रेन जाते, साधारण दोन तास लागतात, आणि आठवड्याच्या मधल्या वारी दुपारी गेलात तर रांग आटोक्यात असते.

शाकाहारी मंडळींसाठी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण सहसा कुणी सांगत नाही. पेकोरिनो रोमानो कोकराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात, ग्राना पदानो वासराच्या. या चीजची ती पारंपरिक आणि ठरवून दिलेली पद्धतच आहे. मोझरेलाला पुष्कळ ठिकाणी सूक्ष्मजीवांपासून केलेलं रेनेट वापरतात, पण विचारून घ्यावं. वरून किसलेलं चीज नको म्हणून सांगितलं तर कुणी वाईट मानत नाही. माझ्या सासूबाई कडक शाकाहारी आहेत. त्यांना मी ब्रुकलिनमध्ये ग्रीनपॉइंटला ‘पॉली जीज’मध्ये नेते, तिथे दुधाचं काहीच नसलेले पिझ्झे वेगळे आहेत आणि ते मन लावून केलेले असतात.

या दुकानाचे मालक पॉल जियानोने यांची गोष्ट आपल्या इथल्या मंडळींना फार आवडते. हे गृहस्थ आयटीत नोकरी करायचे, राहायला न्यू जर्सीतच. घराच्या मागच्या अंगणात लाकडाची भट्टी बांधली, मित्रांना बोलावून पिझ्झे करून घातले आणि पन्नाशी उलटल्यावर, २०१० मध्ये, नोकरी सोडून दुकान उघडलं. मिरचीचा मध पिझ्झ्यावर ओतायची रीत आता सगळीकडे दिसते, ती इथूनच गाजली. तिथे शिकायला आलेल्या माइक कर्ट्झ यांनी तो मध आणला होता.

लाकडाच्या आणि कोळशाच्या भट्ट्यांवर मधल्या काळात मोठा वाद झाला. एप्रिल २०२४ पासून न्यूयॉर्क शहराचा नियम लागू आहे: मे २०१६ पूर्वी बसवलेल्या अशा भट्ट्यांनी धुरातले सूक्ष्म कण ७५ टक्क्यांनी कमी करायचे, किंवा ते का शक्य नाही हे अभियंत्याकडून दाखवून द्यायचं. वर्तमानपत्रांनी ‘पिझ्झ्यावर बंदी’ असे मथळे दिले. बंदी नव्हती. जियानोने यांनी तर नियम यायच्या आधीच सुमारे वीस हजार डॉलर खर्चून धूर गाळणारं यंत्र बसवलं होतं. धुराने शेजाऱ्यांची खिडकी उघडता येत नसेल तर धूर कमी झालाच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण वीस हजार डॉलर चालत्या, वाढत्या दुकानाला परवडतात. पिठाचे गोळे मोजून विकणाऱ्या घरगुती दुकानाला तो खर्च जड जाणारच. जुन्या इमारती जपायचा कायदा या शहराने १९६५ मध्ये केला आणि त्यासाठी आजवर किती भांडणं लढली. शंभर वर्षं रोज तापलेल्या भट्ट्याही त्याच ममतेने बघाव्यात, यंत्राचा निम्मा खर्च शहराने उचलावा, असं माझं म्हणणं आहे.